दोन हजार चारशे फेरे आणि एक्केचाळीस मोटरी

हरणाबाई सकाळपासून बेदाण्याची पेटी शोधत होती. माळ्यावर नाही, चुलीमागं नाही, गोठ्यातही नाही. शेवटी ती नवऱ्याच्या दुकानात गेली, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, आणि पेटी तिला सापडली. पेटीच्या तोंडावर तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून बसवला होता आणि त्याच्यामागं भला मोठा स्पीकर होता.

"आवं, पाव्हण्यास्नी बेदाणं आता कशात घालून द्यू?"

"पिशवीत घाल. ही आता पेटी न्हाई," मानसिंग म्हणाला. "हे मशीन हाय. गिटारचं."

"कशाचं?"

"गिटारचं. ती विजेवरची असती बघ. तार छेडली की आवाज ह्यातनं येतो."

"आन गिटार कुठाय?"

मानसिंग पेटीचा स्क्रू पिळू लागला. साऱ्या करंजवाडीत गिटार नव्हती. तासगावात असेल-नसेल, याचीही त्याला खात्री नव्हती.

हवालदार मानसिंग जगताप सतरा वर्षं फौजेत सिग्नल्समध्ये होता. अंबाल्याला असताना एका कॅप्टनसाहेबांचं विलायती गिटारचं मशीन बंद पडलं आणि ते मानसिंगनं दोन दिवसांत बोलतं केलं. साहेब खूश झाले आणि विसरले. मानसिंग मात्र विसरला नाही. पेन्शन घेऊन गावी आला, 'जगताप रेडिओ सर्व्हिस, माजी सैनिक' अशी पाटी लावली आणि लोकांच्या रेडिओंची बटणं बदलता बदलता चार वर्षांत स्वतःचं मशीन उभं केलं. व्हॉल्व, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तसल्या काचेच्या नळ्या, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. ट्रान्स्फॉर्मर हरणाबाईच्या शिलाई मशीनच्या चाकावर स्वतःच्या हातानं गुंडाळला, मोजून दोन हजार चारशे फेरे. एकोणीसशेव्या फेऱ्याला सरपंच लालासाहेब दारात येऊन "हवालदार, किती वाजलं?" म्हणाले आणि आकडा चुकला. मानसिंगनं घड्याळ बघून वेळ सांगितली, सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. हा किस्सा तो स्वतःच सांगत असे आणि प्रत्येक वेळी त्याचा ऊर भरून येत असे.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक मशीनचा पाठ घेतल्याशिवाय सुटत नसे. "ह्यो व्हॉल्व. काचंवर निळी झाक दिसली तर गडी तब्येतीत हाय. आतला पत्रा लाल झाला की समजायचं, मेला. आन स्पीकर न जोडता मशीन कवाच चालू करायचं न्हाई, ट्रान्स्फॉर्मर जळून जातो." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि मग हळूच विचारायचं, "माझ्या रेडिवचं काय झालं?"

अशा या मशीनच्या नशिबी एकदाची गिटार आली. सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात जिनदत्त मगदूम नावाचा तरुण गिटार वाजवायचा. दिवसा साखर कारखान्यात कारकून, संध्याकाळी कलावंत. एकदा तासगावला कार्यक्रमाआधी वाजवून बघताना त्याचं मशीन धूर सोडून गप्प झालं. कुणीतरी त्याला करंजवाडीचा रस्ता दाखवला. तो आला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दुकानातला दिवा रोजच्यासारखा पिवळा जळत होता.

"तुमचं मशीन दोन दिवस राहू द्या," मानसिंग म्हणाला. "आज हे न्या. पर आधी वाजवून बघा."

जिनदत्तनं नाइलाजानं वायर जोडली आणि एक तार छेडली. सूर निघाला आणि थांबेचना. गोड, भरदार, कडेला किंचित खरखर असलेला, एखाद्या गवयानं दम टिकवून धरावा तसा तो लांबत गेला. जिनदत्तनं हात बाजूला घेतला तरी सूर चालूच होता. गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून कान देऊन उभी राहिली.

"हवालदारसाहेब," जिनदत्त हळू आवाजात म्हणाला, "असला आवाज मी रेकॉर्डवर ऐकलाय. सांगली-कोल्हापुरात कुणाकडं नाही हो हा. कशानं येतो?"

"फेऱ्यानं," मानसिंग म्हणाला. "दोन हजार चारशे. एक कमी न्हाई, एक जादा न्हाई."

त्या रात्री तासगावला टाळ्या पडल्या आणि आठ दिवसांत पंचक्रोशीत बातमी झाली. कुणी म्हणालं लष्करी व्हॉल्वची करामत आहे. लालासाहेबांचं मत पडलं की बेदाण्याच्या पेटीचं लाकूड मुळातच गोडी धरतं. मानसिंगनं कोणाचंच म्हणणं खोडलं नाही.

मग जिनदत्तचं पत्र आलं. दिवाळीनंतर सांगलीत ऑर्केस्ट्राचा मोठा कार्यक्रम आहे, मशीन तुमचंच पाहिजे, रविवारी दुपारी तालमीला घेऊन या. तालीम भूपाल चौगुले यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होणार होती. भूपालअण्णा म्हणजे सांगलीतले लाउडस्पीकरचे बडे मालक. आजवर त्यांच्याच लाउडस्पीकरवर ऑर्केस्ट्रा चालत आला होता.

मानसिंगनं लष्करी कोट चढवला आणि मशीन मांडीवर घेऊन एसटीत बसला. कंडक्टरनं पेटीकडं पाहिलं.

"सामान वर टाका."

"सामान न्हाई हे. ह्यात काचेचं व्हॉल्व हायत. धक्का चालत न्हाई."

"मग तिकीट पडंल."

"किती?"

"मांडीवर हाय म्हंजी हाफ."

मानसिंगनं मशीनचं अर्धं तिकीट काढलं आणि ते जपून कोटाच्या खिशात ठेवलं. गाडीतली माणसं बघत होती याचा त्याला मनातून आनंद झाला.

भूपालअण्णांचं दुकान टापटीप होतं. भिंतीवर विजेचा काटा लावला होता आणि काट्याखाली एक जाडजूड लोखंडी पेटी घुमत होती. "स्टॅबिलायझर," अण्णा म्हणाले. "बाहेर वीज वर होऊ दे, खाली होऊ दे, माझ्या दुकानात कायम दोनशेतीस व्होल्ट. बघा काटा. सांगलीत दुसरीकडं कुठं मिळणार नाही तुम्हाला."

मानसिंगनं मशीन लावलं. व्हॉल्व तापले, निळी झाक आली, सगळं ठीकठाक. जिनदत्तनं तार छेडली आणि सूर आला तो पत्र्यावर खडा पडल्यासारखा. टण्ण झालं आणि संपलं. आवाज मोठा होता, स्वच्छ होता, पण त्यात गोडी म्हणून नव्हती. जिनदत्तनं पुन्हा छेडली. पुन्हा टण्ण.

"हाच का तो आवाज?" अण्णांनी विचारलं.

"एसटीत हादरा बसला असंल," मानसिंग म्हणाला. त्यानं वायर काढून गुंडाळली.

तो तसाच घरी परतला. जिनदत्तही गिटार घेऊन त्याच्याबरोबर आला. संध्याकाळी त्याच पिवळ्या दिव्याखाली मशीन लावलं आणि सूर पुन्हा मधासारखा पाझरू लागला.

"बघितलंसा? हादराच व्हता. आता बसला जागेवर," मानसिंग म्हणाला.

पुढच्या रविवारी मशीन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाच्या पाल्याच्या गादीवर बसून सांगलीला गेलं. ट्रॅक्टर लालासाहेबांनी दिला आणि ड्रायव्हरला ताकीद दिली की खड्डा दिसला तर खाली उतरून बघायचं, मग पुढं जायचं. ऊन चढायच्या आत निघालेली मंडळी तीन वाजता पोचली. लालासाहेब जातीनं बरोबर होते. लाकडाची गोडी प्रवासात उडू नये म्हणून त्यांनी पेटीत पावशेर बेदाणे टाकले होते.

टण्ण.

बेदाणे तेवढे स्पीकरबरोबर थरथरले आणि त्याचा एक वेगळाच खुळखुळ आवाज आला. ऑर्केस्ट्रातली पोरं तोंड फिरवून हसली. अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी विचारलं, "हवालदार, मशीन गावाकडं ठेवून नुसती पेटी आणली का काय?"

सतरा वर्षांत मानसिंगचा एकही रिपोर्ट खोटा निघाला नव्हता. बर्फात वायर ओढल्या होत्या, अंधारात सेट जोडले होते, आणि आज सांगलीत बेदाण्याच्या पेटीपुढं तो खोटा ठरत होता. त्याला ते सहन झालं नाही.

"अण्णा, येत्या रविवारी तुमी आमच्या गावाला या. समद्या ऑर्केस्ट्राला घेऊन या. गावापुढं वाजवतो. आवाज न्हाई निघाला, तर त्याच दिवशी पाटी उतरवीन आन तुमच्या दुकानात वायरी गुंडाळायला येईन."

"शब्द?"

"फौजीचा शब्द हाय."

ही गोष्ट करंजवाडीत पोचली आणि मानसिंगची अब्रू एकाएकी साऱ्या गावाची अब्रू झाली. देवळापुढं मांडव पडला. बायकांनी सडा घातला. पाहुण्यांसाठी बुंदी पाडायला घेतली. शनिवारी लालासाहेब स्वतः दुकानात आले.

"मानसिंग, काळजी करू नगंस. तुझं मशीन सांगलीत का बोललं न्हाई, ते मला कळलंय. परमुलखात बुजलं. हितं आपलं गाव पाठीशी हाय. गावानं ठराव केलाय."

"कसला ठराव?"

"उद्या दिवेलागणीपासनं गावातली एकबी मोटर चालायची न्हाई. एक्केचाळीस हिरीवरच्या एक्केचाळीस मोटरी बंद. समदी वीज तुझ्या मशीनला. पोटभर खाऊ दे त्येला."

उसाला पाण्याची पाळी द्यायचे दिवस होते, छाटणी झालेल्या द्राक्षबागांनाही पाणी हवं होतं. अशा दिवसांत शेतकऱ्यानं मोटर बंद ठेवणं म्हणजे थोडंथोडकं नव्हे. मानसिंगनं लालासाहेबांचे हात हातात घेतले आणि त्याचे डोळे भरून आले. रविवारी सकाळी गावात दवंडी फिरली.

रविवारी संध्याकाळी मांडव गच्च भरला. मोटरी बंद झाल्या तसे गावातले दिवे लखलखले. एवढा उजेड करंजवाडीनं कधी पाहिला नव्हता. माणसं एकमेकांचे सदरे न्याहाळू लागली. भूपालअण्णा पहिल्या रांगेत, शेजारी लालासाहेब. मानसिंगनं मशीन चालू केलं आणि जिनदत्तकडं पाहून मान हलवली.

टण्ण.

जिनदत्तनं पुन्हा तार छेडली. टण्ण. तिसऱ्यांदा छेडली, तरी टण्ण. मानसिंगनं व्हॉल्व दाबून बघितले, वायर हलवून बघितली, पेटीवर थाप मारली. हरणाबाई बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाशी धरून उभी होती. लालासाहेब खाली बघत होते. अण्णांनी घड्याळ पाहिलं.

"राहू द्या हवालदार," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "होतं असं. पाटीचं मी काही मनावर घेतलं नाही."

हे ऐकून मानसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावात एकच माणूस असा होता की ज्यानं दवंडी ऐकली आणि मानली नाही. गुंडा त्याचं नाव. त्याची विहीर गावाला लागूनच होती आणि मेथीचे वाफे सुकत होते. एक्केचाळीसातली एक मोटर लावली तर कुणाला कळतंय, असा विचार करून त्यानं अंधारात खटका दाबला. मोटर साडेसात हॉर्सपॉवरची होती. मांडवातले दिवे एकदम खाली बसले आणि नेमका त्याच वेळी जिनदत्तनं चौथ्यांदा तार छेडली.

सूर जरा लांबला. फार नाही, पण लांबला. कडेला किंचित खरखर आली.

"कुणी रं मोटर लावली?" लालासाहेब ताडकन उठले. "त्यो गुंड्याच असणार! पळा रं, बंद करा!"

चार-पाच जण धावत गेले. मोटर बंद झाली, दिवे पुन्हा लखलखले आणि जिनदत्तच्या बोटाखालून पुन्हा टण्ण झालं. मानसिंगनं वर दिव्याकडं पाहिलं, मग मशीनकडं पाहिलं. सांगलीतला तो दोनशेतीसवर बसलेला काटा त्याच्या डोळ्यांपुढं आला आणि त्याच्या दुकानातला रोजचा पिवळा दिवाही.

"लावा!" तो ओरडला. "गुंडाला म्हणावं मोटर लाव! फौरन!"

"आरं, आत्ता तर बंद केली."

"सरपंच, समद्यास्नी सांगा. एकूण एक मोटर लावा. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस!"

"मानसिंग, डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं? सकाळीच दवंडी पिटून गावाला बंद करा म्हणून सांगितलं मी."

"मशीनला वीज जास्ती व्हतीया! उपाशी असलं की गातंय ते! माझ्यावर विश्वास ठेवा आन मोटरी लावा!"

मग मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला, धोतर सावरून अंधारात चालू लागला आणि त्याच्यामागं सगळा मांडव उठला. माणसं मळ्यांच्या वाटांनी धावत सुटली. पहिल्यांदा गुंडाची मोटर घुमली, मग ओढ्यापलीकडची, मग डोंगराच्या अंगाची. प्रत्येक मोटरीगणिक मांडवातला उजेड एक पायरी खाली उतरत होता आणि प्रत्येक पायरीला जिनदत्तचा सूर लांबत होता. पंधरा मोटरींना तो मऊ झाला. तिसाला भरदार झाला. एक्केचाळीसावी मोटर लागली तेव्हा दिव्यात नुसती लाल तार उरली होती, शेजारी बसलेल्याचं तोंड दिसत नव्हतं, आणि त्या अंधारात सूर असा गात होता की बायकांनी कडेवरची पोरं गप्प केली. जिनदत्त अर्धा तास वाजवत राहिला.

थांबल्यावर अंधारातून भूपालअण्णांचा आवाज आला. "आयुष्यभर तो दोनशेतीसचा काटा पुसत बसलो मी," ते म्हणाले. "हवालदार, मी हरलो." आणि चाचपडत येऊन त्यांनी मानसिंगला मिठी मारली.

मानसिंगची छाती फुगली. आता लालासाहेब दोन शब्द बोलणार, फेऱ्यांचा उल्लेख करणार, म्हणून तो कोटाची बटणं लावून तयार राहिला. पण मळ्यांतून परतलेल्या मंडळींनी मांडव डोक्यावर घेतला होता.

"माझी मोटर लागली तवा खरा सूर सुटला."

"तुझी तीनची. त्यात काय सुटतंय? माझी पाचची लागली तवा गिटारवालं पोरगं डुलाया लागलं."

"पर सुरवात गुंडानं केली, हे कबूल करा!"

हे सगळ्यांनाच पटलं. मानसिंगसाठी आणलेला फेटा आणि नारळ लालासाहेबांनी गुंडाला दिला. गुंडानं तासाभरापूर्वी मोटर बंद करायला आलेल्या पोरांचे दोन-चार गुद्दे खाल्ले होते, तो फेटा बांधून रडायलाच लागला. "माझ्या मोटरीत एवढं गाणं व्हतं, मलाच ठावं न्हवतं," तो म्हणाला. टाळ्या कडकडल्या. मानसिंगनंही वाजवल्या. दोन हजार चारशे फेऱ्यांचं कुणी नावही काढलं नाही.

त्या रात्री तो धड जेवला नाही. "गाव तुमच्यासाठी अंधारात पळालं," हरणाबाई म्हणाली, "आन तुमी तोंड पाडून बसलाय."

सकाळी दुकानात बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात आलं की कमी वीजच पाहिजे ना, मग मोटरी कशाला? सगळ्याच रेडिओवाल्यांकडं असते तशी एक फळी त्याच्याकडं होती. तिच्यावर दिवा बसवायचा आणि वीज त्या दिव्यातून पुढं सोडायची, म्हणजे दिवा आपला वाटा खातो आणि पुढच्याला उरलेलं मिळतं. सकाळची वेळ, मोटरी बंद, वीज पुरेपूर होती. त्यानं फळीवर दोनशे वॅटचा दिवा बसवला, मशीन त्याच्यामागं जोडलं आणि रात्रीच्या गडबडीत जिनदत्त विसरून गेलेल्या गिटारची तार छेडली.

सूर गायला लागला. हुबेहूब रात्रीचा.

मानसिंग टुणकन उठला. एक्केचाळीस मोटरींचं काम एक दिवा करत होता. म्हणजे करामत शेवटी मशीनचीच, त्याच्याच हातांची. आता हे साऱ्या गावाला ऐकवायचं, लालासाहेबांना बोलावून दाखवायचं आणि दिवाळीनंतर सांगली गाजवायची. त्यानं खटका बंद केला, फडक्यात धरून दिवा काढला आणि तो तसाच दाराकडं निघाला.

दारात गुंडा उभा होता. डोक्याला कालचा फेटा तसाच होता. तो बहुधा बांधूनच झोपला असावा.

"हवालदार, येक इचारायचं व्हतं," तो म्हणाला. "सांगलीला तुमचा कार्यक्रम हाय म्हणं. तिथं मोटर कुठनं आणणार? रातभर झोप न्हाई मला. म्हटलं, मेथी गेली तर गेली. माझी मोटर हिरीवरनं सोडून घेतो आन ट्रॅक्टरात घालतो. गावाच्या नावाचा प्रश्न हाय."

मानसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. गुंडा सावधान उभा होता, पलटणीत नवा भरती झालेला जवान उभा राहतो तसा. मानसिंगनं हात मागं नेला आणि दिवा हळूच पँटच्या खिशात सोडला.

"मोटर सोडू नगंस," तो म्हणाला. "तू सवता चल. मशीनच्या शेजारी उभा ऱ्हा."

"मी उभा राहून काय हुईल?"

"तुझ्याबिगर सूर लागायचा न्हाई, गड्या."

"व्हय?" गुंडाचा चेहरा उजळला. "फेटा बांधून येऊ?"

"बांधून ये."

दिवा अजून चांगलाच तापलेला होता आणि खिशातून मांडीला चटके बसत होते. गुंडा वळणावरून दिसेनासा होईपर्यंत हवालदार मानसिंग जगताप जागचा हलला नाही.